उतरलंय

डॉक्टर इंग्रिड नॉर्वेहून आमच्या वॉर्डात आल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या इंगळे मॅडम झाल्या. कुणी ठरवून केलं नाही. नातवाचा केसपेपर हातात धरून एक आजी ‘इंगळे डाक्टरीन कुठं बसत्यात’ असं विचारत वऱ्हांड्यात फिरत होती, तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. इंगळे हे आमच्याकडचं आडनाव आहे, एवढं मी मॅडमना सांगितलं. त्या खूश झाल्या. इंगळी म्हणजे काळा मोठा विंचू, हे मात्र सांगितलं नाही. सहा आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्या बाईला तसलं कशाला सांगायचं, असं मला वाटलं.

मला नेहमी असंच वाटत आलं आहे. म्हणून आधीच सांगून टाकते.

मी जगदेवी, नांदेडच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डाची सिस्टर. मूळची निलंग्याची, घरात कानडी, दारात मराठी, आणि नर्सिंगच्या शिक्षणात जमवलेलं कामापुरतं इंग्रजी. आमचे मोठे डॉक्टर राजशेखर सर यांनी मला मॅडमच्या जोडीला दिलं आणि म्हणाले, आता तुम्हीच यांचे कान आणि तुम्हीच यांचं तोंड.

मॅडम सकाळी आठच्या आत वॉर्डात असायच्या. एप्रिलचा महिना, कूलरमधून गरम वारं यायचं, वीस खाटांवर तीस-बत्तीस लेकरं, एका खाटेवर दोन डोकी दोन दिशांना. खाटांखाली आयांच्या पिशव्या, पाण्याचे कॅन, भाकरीची फडकी. मॅडम प्रत्येक खाटेपाशी गुडघ्यावर बसायच्या, उभ्यानं कधी बोलल्या नाहीत. स्टेथोस्कोपची चकती लेकराच्या छातीला लावण्याआधी तळहातात धरून तिच्यावर फुंकर घालायच्या. त्यांच्या देशात ती बर्फासारखी गार असते म्हणे. इथं ती आधीच तव्यासारखी. पोरं हसायची, मॅडमही हसायच्या, पण सवय सुटली नाही.

एका छोट्या वहीत त्या मराठी शब्द लिहून घ्यायच्या. ‘दुखतंय का’ हा पहिला. ‘पाणी’, ‘शी’, ‘झोप’, ‘थोडं’. पहिल्या आठवड्यात एक गंमत झाली. मॅडम माझ्या मदतीनं एका आईला साखर-मिठाचं पाणी कसं पाजायचं ते सांगत होत्या. समजलं का, असं विचारल्यावर ती बाई म्हणाली, “हाव.” मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाई पुन्हा म्हणाली, “हाव.” तिसऱ्या वेळी ती बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “सिस्टर, ह्या बाईला कमी ऐकू येतं का?” मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मॅडमच्या कानाला ‘हाव’ म्हणजे इंग्रजीतलं ‘कसं’. बाई हो म्हणत होती आणि मॅडम कसं ते समजावत होत्या. वॉर्डात त्या दिवशी आजारी लेकरांच्या आयासुद्धा पोट धरून हसल्या.

त्या दिवसापासून मॅडमनी एक नियम केला. मी अर्थ सांगितला की त्या विचारायच्या, “तिचा शब्द काय होता?” मी शब्द सांगायचे. घाईत असले की नाही सांगायचे. म्हणायचे, तेच म्हणाली ती. त्या मान हलवून पुढं जायच्या.

यावरून मला कीर्तनकार वीरण्णा महाराज आठवायला हवे होते. निलंग्याला शिवनाम सप्ताह बसला की मी लहानपणापासून टाळकऱ्यांच्या मागं जागा धरून बसते. अजूनही रजा टाकून जाते. एकदा महाराजांनी चरण म्हटलं आणि मागच्या एका टाळकऱ्यानं ते उचलताना एक शब्द बदलला. त्याच्या मते तो जास्त गोड होता. महाराजांनी हात वर केला. मृदंग थांबला. म्हणाले, “बाबा, मी म्हटलं तेच म्हण. तुझं गोड तुझ्या घरी.” मंडप हसला. मीही हसले.

तो गुरुवार होता. गुरुवारी राजशेखर सर लातूरच्या दवाखान्यात जातात, आमच्या वॉर्डावर मॅडम एकट्या. जुलाब-उलट्यांची साथ होती, सकाळपासून सात भरत्या झालेल्या. साडेनऊच्या सुमारास मुदखेडच्या बाजूच्या खेड्यातून चांगुणा नावाची बाई सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून आली. मुलीचं नाव समीक्षा. अंगात शाळेचा निळा फ्रॉक, केसांना एकाच बाजूला रिबीन. दुसरी वेणी घालायची राहून गेली होती.

काय झालं म्हणून मी विचारलं. चांगुणा दमलेली होती. म्हणाली, “सकाळी चुलीला पऱ्हाट्या आणाया गेली. ढिगात हात घातला तर काय तरी चावलं. लई रडली, बाई. आता उतरलंय. पण उलट्या करून राहिली तवापासून.”

मी मॅडमना सांगितलं: कापसाच्या वाळक्या काड्यांच्या ढिगात काहीतरी किडा चावला, दुखणं आता थांबलं आहे, बरं वाटतंय, पण सकाळपासून उलट्या होत आहेत.

मॅडमनी मुलीचं बोट उलटसुलट करून पाहिलं. सूज नाही, डाग नाही. त्या गुडघ्यावर बसल्या, चकतीवर फुंकर घातली आणि विचारलं, “दुखतंय का?” समीक्षानं मान नकारार्थी हलवली. तिचे हात-पाय गार होते, कपाळावर घाम, नाडी बारीक आणि पळती. मॅडमनी मला विचारलं, “आईचा शब्द काय होता?”

तेवढ्यात दारातून आठवी भरती आत येत होती. मी म्हणाले, “तेच म्हणाली ती.”

गार हात, पळती नाडी, उलट्या. बाजूच्या सात खाटांवर हेच चाललं होतं. मॅडम म्हणाल्या, अंगातलं पाणी गेलंय, सलाईन जोरात सोडू. ब्लडप्रेशर बघायचा लहान मुलांचा पट्टा त्यांनी मागितला. तो शेजारच्या खोलीत होता. मी आणते म्हणाले. सलाईन लावलं, बाटली टांगली, चाक मोकळं सोडलं, आणि आठव्या भरतीकडं वळले. पट्टा राहिला.

अर्धा तास गेला असेल. चांगुणानं माझा पदर धरला. युनिफॉर्मच्या साडीला हात लावलेला मला आवडत नाही, मी जरा तोऱ्यातच वळले. ती हळू आवाजात म्हणाली, “बाई, उतरवलेलं परत चढतं का?”

मला आधी कळलंच नाही. काय उतरवलेलं?

“ते.” तिनं इकडं तिकडं पाहिलं. “शेजारच्या रत्नम्माकडं नेलं होतं हिला. ती मंतर घालून उतरवती. माझ्या सासऱ्यास्नी सांगू नका, पाया पडते. आमच्यात हे चालत न्हाई.”

माझ्या हातातला ट्रे मी कुठं ठेवला ते आजही आठवत नाही. आमच्याकडं ताप उतरतो, नशा उतरते, जिन्यावरून माणूस उतरतो. पण कुणाकडं नेऊन, मंत्र घालून उतरवतात ते एकच. विंचू. कळ बोटातून खांद्याकडं चढते म्हणतात, आणि मंत्र घालणारी ती खाली उतरवते. ‘आता उतरलंय’ या दोन शब्दांत चांगुणानं मला सगळं सांगितलं होतं. निलंग्याच्या मुलीला, जिच्या सख्ख्या आजीकडं लोक विंचू उतरवायला यायचे. आणि मी त्याचं ‘बरं वाटतंय’ केलं.

मी समीक्षाकडं पाहिलं. ती खोकत होती. मघाशी खोकला नव्हता. नाकपुड्या फुलत होत्या, ओठांचा रंग उतरला होता, आणि घाम इतका की फ्रॉक पाठीला चिकटलेला. लाल विंचवाचं विष लेकराच्या अंगात भिनलं की पुष्कळदा कळ कमीच असते. दुखत नाही म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि विष हृदयावर चढत असतं. अशा लेकराला सलाईन जोरात सोडलं तर ते पाणी फुफ्फुसात उतरतं. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी पाहिलेलं आहे.

सलाईनचं चाक मी आधी बंद केलं आणि मग मॅडमना हाक मारली. डॉक्टरांना न विचारता हात लावला होता. मॅडमनी बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, “विंचू आहे. मी चुकीचं सांगितलं. आईनं बरं वाटतंय असं म्हटलंच नव्हतं.”

“काय म्हणाली होती?”

“उतरलंय.” आणि मग त्या एका शब्दाचा अर्थ मला इंग्रजीत सांगता येईना. चढणं, उतरणं, मंत्र, बोट, खांदा. मी हातानं दाखवत होते. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या देशात विंचू नाही. त्यांनी उभ्या जन्मात असा रुग्ण पाहिला नव्हता, आणि जिच्या सांगण्यावर सलाईन सोडलं तीच आता उलटं सांगत होती.

राजशेखर सरांचा फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. लातूरला ते आत कुठल्यातरी लेकरापाशी असणार.

मी कपाटाच्या वरच्या खणातून गोळी आणली. उन्हाळा लागला की विंचवावर द्यायच्या प्राझोसिनची पाकिटं सर स्वतः मोजून तिथं ठेवतात. मॅडमनी पाकीट हातात घेऊन वाचलं. ही ब्लडप्रेशर खाली आणणारी गोळी, असं त्या म्हणाल्या. नाडी सापडत नाही अशा मुलीला ही द्यायची? आवाज चढलेला नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

तेव्हा मला पट्टा आठवला. मी धावत जाऊन आणला. समीक्षाच्या दंडाभोवती गुंडाळला. मॅडमनी फुगा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा पाहिलं. अंगातलं पाणी गेलेल्या लेकराचं प्रेशर पडलेलं असतं. हिचं मोठ्या माणसाला असू नये इतकं वर होतं.

मॅडम माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, “जगदेवी, आता अर्थ सांगू नको. तू डोळ्यांनी काय पाहिलंयस ते सांग.”

मी सांगितलं. या वॉर्डात मला अकरा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात अशी लेकरं येतात. गोळी लवकर मिळालेली घरी गेली. दोन मुलं मात्र माझ्यासमोर गेली. दोघांनाही वाटेत कुठंतरी सलाईन भरपूर चढवलेलं होतं, आणि दोघांचेही हात-पाय आत्ता हिचे आहेत तसेच होते.

मॅडमनी डोळे मिटले, बहुधा गोळीचा हिशेब करत असाव्यात. मग तुकडा मोडून, चमचाभर पाण्यात विरघळवून स्वतःच्या हातानं तिला पाजला. ऑक्सिजन लावला. खाटेची डोक्याकडची बाजू जरा उंच केली. ही गोळी पोटात असताना लेकराला उचलून घेतलं तर प्रेशर एकदम कोसळतं, म्हणून मी चांगुणाला बजावलं, की काही झालं तरी हिला उचलायचं नाही. ती म्हणाली, रडली तरी? मी म्हणाले, रडली तरी.

वीस मिनिटांनी सरांचा फोन आला. मॅडमनी घेतला. मला फक्त मॅडमचंच बोलणं ऐकू येत होतं. सलाईन किती गेलं ते त्यांनी सांगितलं. कुणाच्या सांगण्यावरून गेलं ते सांगितलं नाही. ‘मी सोडलं’ म्हणाल्या. सरांचा निरोप त्यांनी फोन ठेवल्यावर मला सांगितला: दिलं तेच औषध पुढं दर तीन तासांनी चालू ठेवा, हात-पाय गरम होईपर्यंत. इथलं लेकरू सावरलं की निघतो, तोवर तिच्या खाटेजवळून हलू नका.

मॅडम हलल्या नाहीत. दर थोड्या वेळानं त्या समीक्षाची पावलं दोन्ही तळहातांत धरायच्या, जशी ती चकती धरत होत्या तशी. गार. बाकीची तीस लेकरं मी आणि बालाजी ब्रदर बघत होतो. जाता-येता मी तिच्या श्वासांकडं पाहायचे. मोजायला थांबायची छाती होत नव्हती. तोंडात शिवाचं नाव चालू होतं, ते नेहमीच असतं. पण त्या दिवशी देवाला काही मागायचीही मला लाज वाटत होती.

दोनच्या सुमारास मुलीचे आजोबा आले. पंढरीकाका, मुदखेड जंक्शनवर गँगमन होते, आता रिटायर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, डोक्याला टोपी. दारातच हात जोडून ‘जय भीम, सिस्टर’ म्हणाले. मीही जय भीम केलं. पोरीला काय झालं, म्हणून त्यांनी सुनेला विचारलं. चांगुणा खाली बघून उभी. मला वाटलं, हिच्या वाटणीचं बोलणं आपण झेलावं. मी म्हणाले, “काका, चूक माझ्याकडून झाली. विंचवाचं मला आधी कळायला पाहिजे होतं.”

चांगुणानं माझ्याकडं पाहिलं आणि मग सासऱ्यांकडं. “मामा, मी रत्नम्माकडं नेलं हिला. उतरवाया. तिथं तासभर गेला.”

पंढरीकाकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. “मी घरी असतो तर नेलं असतंस का?”

“न्हाई.”

“मग सिस्टरला तरी सांगायचंस.”

काका नातीच्या नाकातल्या नळीकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, “माझ्या भेवानं सांगितलं न्हाईस.” हे तिला नव्हतं, स्वतःलाच होतं. मग ते बाहेर वऱ्हांड्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी बसायला बाक दाखवला, तरी बसले नाहीत.

दुसरी मात्रा दीडलाच दिली होती. साडेतीन वाजले. खोकला कमी झाला का मलाच तसं वाटतंय, हे मला ठरवता येत नव्हतं, आणि माझ्या वाटण्यावर माझा आता भरवसा नव्हता. मॅडमनी पावलं हातात घेतली. सोडली नाहीत. मला खुणेनं बोलावलं आणि माझा हात तिथं ठेवला. अंगठे गारच होते. पण टाचा कोमट होत्या.

राजशेखर सर पाचला पोचले. त्यांनी छाती ऐकली, प्रेशर पाहिलं, मॅडमच्या शेजारी स्टूल ओढून बसले. त्याच वेळी समीक्षा कण्हायला लागली. मग रडायला. उजव्या हाताचं बोट डाव्या हाताच्या मुठीत घट्ट धरून, अंग आखडून रडायला लागली. चांगुणा घाबरी झाली. “परत चढलं, बाई, परत चढलं.” तिचे हात उचलायला पुढं झाले आणि माझं सांगणं आठवून मध्येच थांबले. तशीच ती दोन्ही हात हवेत धरून उभी राहिली.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. “दुखतंय का?”

“हाव,” समीक्षा म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं नाही. विचारलंही नाही. त्यांना कळलं होतं. सर म्हणाले, विष ओसरतंय, हृदयावरचं ओझं कमी झालं की दाबलेली कळ अशी वर येते, रडू द्या तिला. चांगुणाला हे मी तिच्याच बोलीत, एकेक शब्द करून सांगितलं. तिला पटलं नाही. दुखणाऱ्या लेकराकडं बघून तीन मोठी माणसं खूश कशी, हे कुठल्या आईला पटेल? वऱ्हांड्यातून काका आत आले. त्यांनी नातीचं रडणं ऐकलं आणि टोपी काढून हातात धरली.

संध्याकाळी मी ती अर्धी बाटली खाली काढली. माझ्याच हातांनी टांगलेली. मॅडम टेबलाशी केसपेपर लिहीत होत्या. मी म्हणाले, यात माझं चुकलेलं लिहा. त्या म्हणाल्या, पट्टा मी मागितला आणि परत विचारला नाही, तेही लिहिते आहे. मग पेन माझ्यापुढं केलं. “तिचा शब्द तू लिही. तुमच्या अक्षरात.” इंग्रजी ओळींच्या मधोमध मी मराठीत लिहिलं: आता उतरलंय.

समीक्षा चौथ्या दिवशी घरी गेली. दोन्ही वेण्या घातलेल्या. जाताना चांगुणा माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला अर्ध्यातूनच धरलं. तिला वाटलं मी नम्र आहे.

पुढच्या आठवड्यात खाट नंबर नऊला एक सात महिन्यांचं बाळ आलं. मॅडम गुडघ्यावर बसल्या, चकतीवर फुंकर घातली. बाळाची आई म्हणाली, “रातभर लई चिडचिड केली. आता निवांत हाय.”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. तोंडापर्यंत आलेलं इंग्रजी मी गिळलं. निवांत. पोट भरून झोपलेलं लेकरूही निवांत असतं, आणि रडायचीसुद्धा ताकद संपलेलं लेकरूही. रांगेत अजून अकरा खाटा होत्या. मॅडम थांबून राहिल्या.

“निवांत,” मी म्हणाले. तेवढंच. आणि वाकून बाळाची पावलं हातात घेतली.